हॅमस्टरचे गाल

पन्नाशी उलटली की माणसाला काहीतरी होतंच. कुणाला गुडघेदुखी होते, कुणाला बागकाम होतं. आमच्या वरच्या मजल्यावरच्या नागेलमास्तरांना साठाव्या वर्षी ट्रम्पेट झालं. मला हॅमस्टर झाला.

हॅमस्टर म्हणजे गालात दाणे कोंबून हिंडणारा तो गुबगुबीत प्राणी नव्हे. त्याचं नाव लावणारी, आत राहायची-झोपायची सोय असलेली एक जुनी मोटार. उल्म शहराजवळच्या एका कारागिराने सत्तरच्या दशकात अशा मोजक्याच गाड्या बांधल्या आणि मग त्याचं दिवाळं निघालं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे, असं माझी बायको गेरलिंडे म्हणते. धावताना हॅमस्टर एखाद्या पावासारखा साधा दिसतो. मुक्कामाला पोचलं की दोन्ही बाजूंचे दांडे फिरवायचे, की त्याला गाल फुटतात. डाव्या गालात दोघांचा पलंग, उजव्या गालात शेगडी, मोरी आणि कपाटं. मधोमध जेवणाचं टेबल, आणि टेबलाची फळी उचलली की खाली चक्क अंघोळीचा टब. शनिवारी टबात बसून अंघोळ केल्याशिवाय आमच्याकडच्या माणसाला रविवार लागत नाही, हे त्या कारागिराला बरोबर ठाऊक होतं. एकाची अंघोळ होईपर्यंत बाकीच्यांनी जेवायचं कुठे, एवढा विचार मात्र राहून गेला.

अशा चमत्कारिक फिरत्या घरांचे वेडे आमच्या देशात पुष्कळ आहेत. कुणाकडे अंड्याच्या आकाराचं आहे, कुणाकडे छत वर उचलून दुमजली होणारं. एकाकडे तर तळ्यात उतरणारं आहे. त्या गृहस्थाला दर उन्हाळ्यात एकदा तळ्यातून ओढून काढावं लागतं. जूनच्या सुट्टीत ही सगळी मंडळी एका मैदानावर जमतात, आपापल्या गाडीपुढे खुर्ची टाकून बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याने "ही तुमची का हो?" असं विचारायची वाट बघतात. बाकी काहीही घडत नाही. मी तिथे कित्येक वर्षं आगगाडीने जात होतो. लोकांच्या गाड्यांसमोर उभं राहून "ही तुमची का हो?" असं विचारणारा मीच.

तर पानगळीच्या दिवसांत एका ट्रकवर चढून हॅमस्टर आमच्या दारात आला. गेरलिंडे खिडकीत बटाटे सोलत उभी होती.

"ओट्मार, हे काय आहे?"

"हॅमस्टर."

"चालतो?"

"चालेल."

"मी चालतो का असं विचारलं."

लग्न मुरलं की बायकोशी क्रियापदांचा काळ बदलून खेळता येत नाही. तिने अर्धा सोललेला बटाटा सुरीसकट माझ्याकडे रोखला. "हे बघ, मला दारात बघत बसायला गाडी नकोय. मला समुद्र बघायचाय. दर वर्षी तू म्हणतोस पुढच्या वर्षी. जूनची सुट्टी लागेल त्या दिवशी हा आपल्या चाकांवर चालला तर ठीक. नाही चालला, तर मी त्या हॉलंडवाल्याला फोन करीन."

हॉलंडवाला म्हणजे फान स्लोटन नावाचा एक संग्राहक. जगात एकच उरलेलं जे काही असेल ते याच्याकडे असलंच पाहिजे, असा त्याचा बाणा. मी हॅमस्टर घेतल्याचं कळल्यापासून तो दर रविवारी फोन करायचा. "काय, कसा आहे? इंजिन? अजून नाही? अरेरे!" आजारी काकाची विचारपूस करणारा पुतण्या असाच बोलतो. मी "झकास आहे" म्हणून फोन आपटायचो. तो काही केल्या रागवायचा नाही, आणि माझं डोकं त्यानेच जास्त फिरायचं.

आता हॅमस्टर चालत नव्हता ही गोष्ट एखाद्या दुसऱ्या गावी खपून गेली असती. पण आम्ही श्टुटगार्टच्या टेकडीवर राहतो, आणि आमच्याकडे झाडूचा आठवडा असतो. बिऱ्हाडांनी आळीपाळीने जिना, अंगण आणि घरापुढचा रस्ता गटारापर्यंत झाडायचा. ज्याचा आठवडा त्याच्या दारावर पाटी लटकते. ती पाटी दारावर असताना माणूस आजारी पडत नाही, मरत तर नाहीच. तळमजल्यावरच्या श्टिकेलबाई या खात्याच्या बिनपगारी प्रमुख आहेत. पहिल्याच शनिवारी त्या हॅमस्टरपाशी वाकून उभ्या होत्या.

"हेबर्ले, गाडीखाली पानं आहेत."

"असतील. झाडाखाली गाडी आहे."

"ती कोण झाडणार?"

"गाडी हलली की झाडीन."

"मग हलवा."

"ती हलत नाही."

"मग ढकला," बाई म्हणाल्या, आणि माझ्या हातात झाडू देऊन कोटाची बटणं लावू लागल्या.

असा तो रिवाज पडला. दर शनिवारी सकाळी बिऱ्हाडांनी खाली यायचं, हॅमस्टरला त्याच्या लांबीइतकं पुढे ढकलायचं, खालची पानं झाडायची आणि त्याला पुन्हा मागे आणून ठेवायचं. आमच्या भागात दर घरटी एक माणूस मोटारीच्या कारखान्यात नोकरीला असतो आणि उरलेल्यांचं त्याच्याशी नातं असतं, त्यामुळे ढकलताना कुणी गप्प बसत नाही. नागेलमास्तरांनी जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. ते स्वतः ढकलत नसत. बल कुठे लावायचं ते दाखवत. "कमरेतून, हेबर्ले, कमरेतून!" माझी कंबर आठवडाभर त्यांचं नाव काढायची. शेजारच्या घरातले लोकही हळूहळू सामील झाले. थर्मासमधून कॉफी यायला लागली. कुणी म्हणे कार्ब्युरेटर काढा, कुणी म्हणे टाकी धुवा, एकाने मला बाजूला घेऊन अगदी कळवळ्याने सांगितलं, "विका हो. तुम्ही मनाने हळवे आहात." गाडी माझी, कष्ट माझे, आणि गल्लीत मी ज्याच्यामुळे शनिवार फुकट जातो तो माणूस म्हणून प्रसिद्ध झालो.

हिवाळ्यात मी आतलं काम काढलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कलही नसते, हे कुणी सांगत नाही. आतून हॅमस्टर भयंकर होता. भिंतींना तपकिरी वर्तुळांचा कागद, खिडक्यांना नारिंगी पडदे, कपाटांना शेवाळी रंग. मी सगळं उपटलं. फिकट पाइनची कपाटं केली, पांढरे स्वच्छ पडदे लावले. टब बिडाचा होता. तो उचलायला गल्ली लागली असती, आणि तशी ती लागलीच. त्याच्या जागी मी एक सुबक प्लास्टिकचा टब बसवला. जुनी वस्तू फेकणं आमच्या रक्तात नाही, म्हणून बिडाचा टब श्टिकेलबाईंना भेट दिला. त्यांनी तो आपल्या भाड्याच्या बागेत नेऊन त्यात माती भरली आणि ट्यूलिपचे कंद लावले. गेरलिंडेने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "छान दिसतंय. चालतो?"

जुनी गाडी रस्त्यावर आणायची तर आमच्याकडे ऐतिहासिक वाहन म्हणून तिची नोंद करता येते. मग कर कमी लागतो, नंबराच्या शेवटी एक अक्षर जास्त मिळतं, आणि त्या एका अक्षरासाठी माझ्यासारखी माणसं आयुष्य वेचतात. त्यासाठी तपासणी केंद्रातून ब्योटिंगर नावाच्या अभियंता बाई घरी आल्या. तरुण, हसतमुख, हातात टॉर्च. मी दार उघडून अदबीने बाजूला झालो. त्या आत गेल्या आणि बराच वेळ नुसता टॉर्च फिरवत राहिल्या. मला वाटलं, भारावल्या.

"हेबर्लेसाहेब, काम फार सुरेख केलंय."

"तसं काही नाही हो."

"म्हणूनच अडचण आहे. हे सगळं आजचं आहे. गाडी तिच्या काळासारखी दिसायला हवी."

"पण त्या काळात ती फार वाईट दिसायची!"

"हो," बाई समजुतीने म्हणाल्या. "तशीच दिसायला हवी."

मग मी जे भोगलं ते शत्रूवरही येऊ नये. माणसं कुरूप घर सुंदर करायला पैसे घालवतात. मी सुंदर केलेलं घर कुरूप करायला जिवाचं रान केलं. तपकिरी वर्तुळांचा कागद मिळवण्यासाठी ज्या बंद पडलेल्या दुकानांत गेलो, तिथल्या मालकांनी माझ्याकडे सहानुभूतीने पाहिलं. नारिंगी कापड गेरलिंडेने शिवून दिलं, पण खोलीतला दिवा मुद्दाम बारीक करून. म्हणाली, डोळे दुखतात. राहता राहिला टब. मी केक घेऊन श्टिकेलबाईंकडे गेलो.

"त्यात ट्यूलिप आहेत," बाई म्हणाल्या.

"दुसरीकडे लावू या ना."

"कंद रुजलेत. आता फुलं येऊन गेल्याशिवाय मी हात लावू देणार नाही."

"अहो, पण मग मे उजाडेल! जूनला माझी मुदत संपते. गेरलिंडे हॉलंडला फोन करील."

बाईंनी केकचा तुकडा शांतपणे खाल्ला. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, हिशेब होता. शेवटी सौदा ठरला तो असा, की कंद मुळांवरच्या मातीसकट मी स्वतःच्या हातांनी काढून लावायचे, आणि पुढच्या नाताळापर्यंत त्यांचे झाडूचे आठवडेही मीच करायचे. मी हो म्हटलं. हे ऐकून नागेलमास्तरांनी वरून निरोप पाठवला की नाहीतरी पाटी आता माझ्याच दारावर असणार, तर त्यांचाही आठवडा घ्यायला माझी हरकत नसावी.

बिडाचा टब पुन्हा बसला आणि हॅमस्टर जड झाला. पुढच्याच शनिवारी ते कळलं. आमची गल्ली उताराची. मी स्टिअरिंगवर होतो, मागे अर्धी गल्ली, आणि मास्तर "कमरेतून!" करत बाजूला. इतके दिवस ढकलून ढकलून इंच-इंच हलणारा हॅमस्टर त्या दिवशी एका धक्क्यात निघाला. मी ब्रेक दाबला. ब्रेक लागला, म्हणजे चाकं थांबली. पण आतला टब थांबला नाही. तो हातभर पुढे सरकला, उजव्या गालाच्या खिटीवर आदळला, आणि गाल धाडकन बाहेर आला. शेगडी, मोरी, कपाटं, सगळं रस्त्याच्या मधोमध. समोरून टेकडी चढत बस आली आणि मोरीपाशी येऊन उभी राहिली.

गाल मिटायचा तर दांडा फिरवायचा, आणि दांडा धक्क्याने वाकलेला. ड्रायव्हर खाली उतरला. प्रवासी उतरले. त्यातला एक जण मोटारीच्या कारखान्यात होता, त्याने आणखी दोघांना खाली बोलावलं. एक आजीबाई हॅमस्टरच्या मोरीत हात धुवायला गेल्या आणि पाणी का येत नाही असं त्यांनी मला रागाने विचारलं. श्टिकेलबाई मात्र गाडी हलल्याबरोबर मोकळी झालेली जागा झाडत होत्या. संकटातली संधी त्यांना लगेच दिसते. शेवटी बसच्या ड्रायव्हरने खांदा लावला, गाल आत गेला आणि दोरखंडाने बांधून टाकला. त्या दिवसापासून बसमधून जाणारी अनोळखी माणसं मला पाहून गाल फुगवायला लागली. मी पुढे दुसऱ्या थांब्यावरून बस पकडू लागलो. ट्रामच्या वेळापत्रकांच्या कचेरीत इतकी वर्षं मानाने नोकरी केलेल्या माणसाला हे फार लागतं.

मी दांडा सरळ करून घेतला, टब बोल्टांनी जखडला, आणि मे महिन्यात इंजिन सुरू झालं. कुणाच्या सल्ल्याने, यावर गल्लीत अजून मतभेद आहेत. मी खिडकीखाली उभा राहून ओरडलो, "गेरलिंडे! चालतो!" तिने खिडकी उघडली, ऐकलं आणि म्हणाली, "आवाज येतोय. चालताना दाखव." नंबर मिळेपर्यंत रस्त्यावर चालवता येत नव्हता, तेव्हा शेवटच्या तपासणीसाठी त्याला ट्रकवर घालून केंद्रात न्यावं लागलं. तारीख मिळाली तीही नेमकी सुट्टी लागायच्या दिवशीची.

गेरलिंडे बरोबर आली. हातात टोपली, टोपलीत बटाट्याचं सॅलड. आम्ही फाटकातून आत शिरलो तर समोर एक उंच, उजळ माणूस हात चोळत उभा.

"फान स्लोटन इथे कसा?" मी विचारलं.

"मी बोलावलंय. सुट्टी आज लागली," गेरलिंडे म्हणाली. "चालला तर तो रिकाम्या हाताने जाईल."

ब्योटिंगरबाईंनी टॉर्च घेऊन सगळं पाहिलं. दिवे, ब्रेक, तपकिरी वर्तुळं. नारिंगी पडदे पाहून त्यांचा चेहरा खुलला. "अगदी जसं होतं तसं भयंकर!" त्या म्हणाल्या, आणि मला जन्मात अशी शाबासकी मिळाली नव्हती. त्यांनी शिक्का उचलला. फान स्लोटनने खाली मान घातली. आता यापुढे माणसाने काय करावं? गप्प बसावं. दुसऱ्या कुठल्याही मुलखातला माणूस गप्प बसला असता. पण नियमाची एक पायरी राहिलेली दिसली की आमच्याकडच्या माणसाच्या पोटात कळ येते.

"बाई," मी म्हणालो, "वजन करायचं राहिलंय."

"गरज आहे का?"

"टब बदललाय ना. नियम म्हणजे नियम."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हॅमस्टर काट्यावर चढला. बाईंनी आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. "साडेतीन टनांच्या वर. मूळच्यासारखं आहे, छान! गाडी पास. फक्त तुमचा परवाना बघू?"

मी परवाना दिला. मला हयातभर ट्रामचा फुकट पास होता, त्यामुळे मोटारीचा परवाना मी फार उशिरा काढला होता. तोवर कायदा बदलला होता. जुन्या परवानेवाल्यांना मोठ्या गाड्या चालतात; माझ्यासारख्या नव्यांना साडेतीन टनांची वेस.

"हेबर्लेसाहेब," ब्योटिंगरबाई हळूच म्हणाल्या, "ही गाडी तुम्हाला चालवता येणार नाही."

नाकापेक्षा मोती जड झाला होता, आणि तो मोती मी स्वतः ट्यूलिपच्या मातीतून उकरून आणला होता. मला खरोखर रडू आलं. मी टबाच्या कडेवर बसलो. माझी सगळी पानगळ, सगळा हिवाळा, सगळे शनिवार त्या काट्यावर गेले होते. फान स्लोटन आत आला. माणूस वाईट नव्हता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"माझ्याकडे तो सुखात राहील," तो गेरलिंडेला म्हणाला. "मोठं दालन आहे. खाली गालिचा, भोवती दोरी, वरून दिवे."

"आणि फिरवणार कुठे?" तिने विचारलं.

"फिरवणार? छे! चालवली की गाडी झिजते. माझ्याकडची एकही गाडी चालत नाही. आणल्या दिवशी मी सगळ्यांची पेट्रोलची टाकी रिकामी करतो."

गेरलिंडेने टोपली खाली ठेवली. तिचा हा चेहरा मी ओळखतो. तो समोर आला की आमच्या घरात वाद संपतो.

"म्हणजे इतके महिने हा माझ्या दारात उभा होता, आता तुमच्या दारात उभा राहणार," ती म्हणाली. "उभाच ठेवायचा तर आमचा ओट्मार काय वाईट होता? त्याने निदान चालवायचा प्रयत्न तरी केला." मग ती ब्योटिंगरबाईंकडे वळली. "अठराव्या वर्षी काढलेला परवाना चालतो ना?"

"चालतो की."

"माझे वडील आल्बच्या डोंगरात दूध गोळा करायचे. त्यांची लॉरी मी बर्फात घाटातून खाली आणायचे. हा तर उंदीर आहे." तिने माझ्यापुढे हात केला. "किल्ली दे, ओट्मार."

मी दिली. शिक्का बसला, नंबराची पाटी लागली, आणि गेरलिंडेने एका हाताने गिअर टाकून हॅमस्टर फाटकाबाहेर काढला. इंजिन माझ्या हाताखाली खोकायचं, तिच्या हाताखाली गुरगुरत चाललं. मागे फान स्लोटन रुमाल हलवत होता. मी शेजारच्या जागेवर टोपली मांडीवर घेऊन बसलो होतो.

"पुढच्या चौकात डावीकडे," मी म्हणालो. "मैदान तिकडे आहे. सगळे आज जमतायत."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि चौक सरळ ओलांडून उत्तरेच्या महामार्गाला लागली.

"गेरलिंडे, तिकडे समुद्र आहे."

"हो ना? मी म्हटलं, कुठेतरी असेलच."

मला वाईट वाटलं. त्या मैदानावर खुर्ची टाकून बसायचं म्हणून तर हे सगळं केलं होतं. मी तोंड फुगवून बसलो. हाइलब्रॉन गेलं, वुर्झबुर्ग गेलं. तिने काच खाली केली होती, केस उडत होते, आणि ती कसलंतरी खेड्यातलं गाणं मोठ्याने, बेसूर म्हणत होती. लग्नानंतर मी तिला गाताना पहिल्यांदाच ऐकत होतो. इतक्या वर्षांत हिला कुठे नेलंच नाही, हे मला तेव्हा कळलं आणि माझा रुसवा कुठच्या कुठे गेला. मी डबा उघडून तिला चमच्याने सॅलड भरवू लागलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही समुद्राकाठच्या तळावर पोचलो. गेरलिंडे चपला हातात घेऊन थेट पाण्याकडे गेली, मागे वळूनही न बघता. मी दोन्ही दांडे फिरवले, हॅमस्टरला गाल फुटले, आणि बघता बघता आजूबाजूची माणसं गोळा झाली. एक गृहस्थ सगळीकडून फिरून, आत डोकावून, टबाची फळी उचलून माझ्यासमोर येऊन उभे राहिले. डोळ्यांत तीच भूक, जी मला ओळखीची होती.

"ही तुमची का हो?"

या प्रश्नाचं उत्तर मी मनाशी इतक्यांदा घोकलं होतं, की ते झोपेतही दिलं असतं. मी पाण्याकडे बोट दाखवलं. तिथे गुडघाभर लाटांत स्कर्ट वर धरून माझी बायको उभी होती.

"गाडी तिची," मी म्हणालो. "मी गाल उघडतो."